अंगी लागलेली हळद

१० जानेवारी

वन्सं, नमस्कार.

फोनवर तुम्ही विचारलंत, "सगळे बरे आहेत ना?" आणि मी "हो हो" म्हटलं, कारण हे शेजारीच उभे होते. आमचा फोन दारापाशी भिंतीला आहे आणि यांचे कान त्याच्याही पुढे आहेत. म्हणून लिहिते.

घरात सगळे म्हणजे तिघं. मालकीण आजारी आहे, तिच्या काळजीने तुमचे भाऊ अर्धे झालेत आणि मी कोंडा भिजवते आहे. मला या घरात येऊन इतकी वर्षं झाली, पण इथली मालकीण चार पायांचीच राहिली. घोडेस्वारीची शाळा बंद केली तेव्हा बाकीचे घोडे कोणी ना कोणी नेले. हिला बघायला लोक यायचे, तिचे दात बघायचे, माझ्या हातचा चहा प्यायचे आणि कळवतो म्हणून जायचे. शेवटी राहिली आमच्याकडेच.

आता तिचे पुढचे गुडघे सुजलेत. सकाळी उठताना असं कण्हते की मला माझंच उठणं आठवतं. जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. दुखणं थांबवायची पूड दिली आणि म्हणाले, "हिने चालेल, पण पोटाला त्रास होणार. वय झालंय. विचार करा." कसला विचार करायचा, ते यांना बरोबर कळलं. तेव्हापासून डॉक्टरांचं नाव काढायचं नाही. पूड कचऱ्यात गेली. वर मला सांगतात, "ती उभी आहे तोवर मी उभा आहे."

बोलायची पद्धत म्हणून मी सोडून दिलं असतं. पण शाळा बंद झाल्यावर हा माणूस भिंतीकडे तोंड करून कसा पडून होता ते मी पाहिलंय. फक्त तिला पाणी दाखवायला उठायचा. ती आडवी झाली की हे परत उठणार नाहीत. मला घोडीची नाही हो, यांची भीती वाटते. तुमच्या दुकानात एवढी औषधं असतात. घोडीच्या गुडघ्यांना चालेल आणि तुमच्या भावाच्या तत्त्वांना दुखणार नाही, असं काही आहे का?

तुमची,
वहिनी


१७ जानेवारी

वहिनी, आशीर्वाद.

माझा जन्म औषधांच्या दुकानात गेला, म्हणून सांगते, औषधांच्या नादी लागू नकोस. दिवसभर मी लोकांना गोळ्या देते आणि घरी येऊन हळद खाते. माझे गुडघे बघ. म्हणजे, येशील तेव्हा बघ. येत नाहीस, मग कसे दिसणार?

घोड्यांना हळद देतात. आमच्याकडे एक बाई येतात, त्यांच्या घरी शर्यतीचे घोडे आहेत, त्यांनी सांगितलं. सांधे, कातडी, पोट, सगळ्याला चालते. कोरडी घालू नकोस. पाण्यात मंद आचेवर शिजव, खळीसारखी घट्ट झाली की तेल घाल आणि वरून सढळ हाताने मिरपूड. मिरपुडीशिवाय हळद आली तशी जाते, अंगी लागत नाही. अंगी लागणं महत्त्वाचं, वहिनी. नुसती पोटात जाऊन उपयोग नाही. धाकट्याच्या पोटात आईने लहानपणी काय काय घातलं, अंगी एक गोष्ट लागली नाही.

सोबत बरणी पाठवते. नैसर्गिक आहे, त्यामुळे थोडी जास्त झाली तरी बिघडत नाही. आणि त्याला सांग, ताईने सांगितलंय. तो तुझं ऐकत नाही, मला माहीत आहे. माझंही ऐकत नाही, पण घाबरतो.

ताई


४ फेब्रुवारी

वन्सं, नमस्कार.

बरणी पोचली. झाकण सैल होतं, त्यामुळे आधी पोस्टमन पिवळा झाला, मग आम्ही.

आता बादली पिवळी, पळी पिवळी, तबेल्याची कडी पिवळी, विजेची बटणं पिवळी. हे घरात कुठून कुठे गेले ते भिंतीवरच्या बोटांवरून सांगता येतं. इस्त्रीवाल्याने यांच्या सदऱ्यांचं गाठोडं परत आणून दिलं आणि विचारलं, "बाई, हे रंगाऱ्याकडे द्यायचे होते का?"

मालकीण मात्र खायला तयार नाही. वास घेते, वरचा ओठ आकाशाकडे करते आणि तोंड फिरवते. मग तुमचे भाऊ काय करतात? तिच्यासमोर उभे राहून स्वतः चमचाभर खातात. "हे बघ, मी खाल्लं. आता तू." घरात कोबी केला तर ज्यांचं तोंड वाकडं होतं, ते तबेल्यात मिटक्या मारतात. मग ती यांच्या मनासाठी घास घेते. माझ्यासाठी या घरात कोणी कधी एवढं केलं नाही.

आता एक गोष्ट सांगते, ती तुमच्यापाशीच ठेवा. ती पूड मी कचऱ्यातून काढून ठेवली होती. डॉक्टरांना बाजारात गाठून किती द्यायची ते विचारून आले. हे अंघोळीला गेले की गाजराच्या किसात कालवून मालकिणीला देते. किस ती हावरटासारखा खाते. आता ती फाटकापर्यंत चालत जाते. परवा तिने मान पलीकडे काढून शेजाऱ्यांचं अख्खं झुडूप खाल्लं. शेजारी ओरडले आणि हे हसले. शाळा बंद झाल्यापासून मी यांना हसताना पाहिलं नव्हतं. दात अर्थातच पिवळे.

हळदीने गुण आला असं हे सगळ्यांना सांगत सुटलेत. सांगू देत. मला श्रेय नको, झोप हवी आहे. फक्त यांना कळता कामा नये. कळलं तर पूड बंद होईल आणि मग पुढचं सगळं.

तुमची,
वहिनी


१२ फेब्रुवारी

वहिनी, आशीर्वाद.

माझ्या पोटात गेलेली गोष्ट बाहेर येत नाही. पण कचऱ्यातलं औषध वापरून तू माझ्या बरणीला खोटं पाडते आहेस, हे मला कळलं नाही असं समजू नकोस. पूड दुखणं झाकते. बरं करते ती हळद. दोन्ही एकदम चालू आहे, तर गुण कशाचा हे तू कशी ठरवणार? निम्मं निम्मं धर आणि गप्प बस. आमच्या दुकानात असे रोज येतात. चार दवाखान्यांची औषधं एकदम घेतात आणि शेवटी गुण येतो तो शेजारणीच्या काढ्याचा.

धाकटा हसला हे वाचून मला बरं वाटलं. त्याच्यावर रंग चढलाय म्हणतेस, चढू दे. त्याच्या अंगी काहीतरी लागतंय हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकते आहे. आता मोठी बरणी पाठवते. दुकानात नवीन आलीये, अर्क काढलेली, जास्त जोरकस. मिरपूड कमी करू नकोस.

ताई


१ मार्च

ताई,

मला पत्र लिहायची सवय नाही. चुकलं तर सोडून दे.

मोठी बरणी संपत आली. अजून पाठव. वर माझं नाव घाल, हिचं नको.

मालकीण सुधारली. आता आपली आपण उठते. डॉक्टर म्हणत होता विचार करा. बघ म्हणावं आता.

तुला खरं सांगतो. ती हळद नुसती चाटते. उरते ती मी खातो. तू पाठवलेली टाकून देणं जिवावर येतं. आणि म्हटलं, चाटून तिला एवढा गुण, तर खाऊन मला किती येईल. सकाळी वाटीभर आणि संध्याकाळी वाटीभर. घोड्यावरून पडून माझा खांदा गेला होता तो जरा हलका वाटतो. जेवण जात नाही, पण एवढी हळद पोटात गेल्यावर भूक कशाला लागेल? अंगाला खाज सुटते. तबेल्यातल्या माश्या असतील.

हिला बोलू नकोस. म्हणेल घोडीच्या तोंडचं खाता. तसंच आहे म्हणा.

धाकटा


८ मार्च

धाकट्या, आशीर्वाद.

बरणी पाठवली. खाज सुटते म्हणजे आतलं बाहेर पडतंय, घाबरू नकोस. भूक नसली तरी दोन घास जेव. तुझ्या बायकोला सांगणार नाही. माझ्या पोटात गेलेली गोष्ट बाहेर येत नाही.

ताई


८ मार्च

वहिनी, आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तुझं गाजर चालू ठेव. धाकट्याला मी काही बोललेले नाही आणि बोलणारही नाही. घरात शांतता आहे ना? मग झालं तर. शांतता असली की फार खोलात शिरू नये.

ताई


२६ मार्च

वन्सं, नमस्कार.

आधीच सांगते, जिवाला धोका नाही म्हणतात. पण हे दवाखान्यात आहेत.

पूड संपली होती. जनावर बघितल्याशिवाय आणखी देणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी यांना सांगितलं की लस टोचायला येताहेत. आले. त्यांनी मालकिणीचा ओठ वर केला आणि दचकलेच. हिरड्या पिवळ्याजर्द.

"कावीळ दिसतेय," डॉक्टर म्हणाले.

"कसली कावीळ!" हे म्हणाले. "हळद आहे ती. अंगी लागलीये."

डॉक्टरांनी कापसाचा बोळा ओला केला आणि हिरडी पुसली. खाली स्वच्छ गुलाबी. यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जशी काही ती हिरडी यांनीच घडवली होती. डॉक्टर मात्र बोळा हातात धरून यांच्याकडे बघत राहिले.

"साहेब, जरा उजेडात या. पापणी खाली ओढा बघू."

"मी घोडा नाही."

"म्हणून तर विनंती करतोय. घोड्याला विचारत नाही मी."

डोळ्यांत पांढरं म्हणून काही राहिलं नव्हतं, वन्सं. डॉक्टर बोळा पुढे करून म्हणाले, "आता हे कशाने पुसू?"

मी रोज या माणसासमोर जेवायला बसते. मला याची बोटं पिवळी दिसली, सदरे दिसले, उशी दिसली. उशीचा अभ्रा मी सोड्यात भिजत घातला. माणूस पिवळा झालाय हे मला दिसलं नाही. दिसणार कसं? या घरात पिवळं नाही असं उरलं होतं काय?

यकृताला सूज आहे. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई रोज विचारतात, "काय काय खाता?" आणि हे सांगतात, "विशेष काही नाही." मी म्हटलं, घोडीपुढे चमचाभर हळद चाटतात, तेवढीच. बाई म्हणाल्या, एक चमचा चाटून एवढं व्हायचं नाही, आणखी काहीतरी असणार. तुम्ही दुकानातल्या. तुम्हाला काही सुचतं का? मला काही सुचत नाही. मालकिणीला पाणी दाखवायचं, यांना डबा न्यायचा, परत येऊन लीद काढायची. मी बसले की मला झोप लागते, म्हणून बसत नाही.

तुमची,
वहिनी


२९ मार्च

वहिनी,

चमचा नाही. वाट्या. सकाळ-संध्याकाळ.

तुझं पत्र हातात पडल्याबरोबर दवाखान्यात फोन केला. तू नव्हतीस. डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं, ती दुसरी जोरकस बरणी कुठली तेही. तरी तुला लिहिणं भाग आहे.

त्याने मला कळवलं होतं. भूक गेल्याचं कळवलं होतं, खाज सुटल्याचंही. दुकानात कोणी परक्या माणसाने मला एवढं सांगितलं असतं, तर मी त्याला गोळी न देता डॉक्टरकडे पिटाळलं असतं. भावाला मी तिसरी बरणी पाठवली.

तुझं मला माहीत होतं आणि त्याचंही. दोघांची पत्रं माझ्या एकाच खणात होती. घोडी पुडीने चालतेय हे त्याला कळलं असतं, तर त्याने हळदीच्या वाटीला हात लावला नसता. एक वाक्य लिहायचं होतं, मग ते कुणालाही लिहिलं असतं तरी चाललं असतं. मला गुपितं ठेवायला फार आवडतं, वहिनी. त्यात आपण शहाणे आहोत असं वाटतं.

आता त्याला खरं सांगावं लागेल. नाहीतर घरी आला की पुन्हा शिजवायला घेईल. तूच सांग. मी तुझ्यावर ढकलते आहे, हे मला कळतंय.

ताई


९ एप्रिल

वन्सं, नमस्कार.

तुमचा निरोप बाईंना मिळाला. त्या म्हणाल्या, हळदीनेच झालं असं छातीठोक सांगत नाही, पण ती आधी बंद. मग सूज उतरते का बघू. हे ऐकेनात. "माझी बंद केलीस तर तिचीही करशील," म्हणाले. तेव्हा खाटेच्या कडेला बसून मी सांगितलं.

"मालकीण हळदीने चालत नाही."

"मग कशाने चालते?"

"गाजराने."

"गाजराने?"

"त्यात पूड असते. डॉक्टरांची. तुम्ही अंघोळीला जाता तेव्हा देते."

मला वाटलं, आता भिंतीकडे तोंड फिरवतील. यांनी नुसतं छताकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे एवढी हळद मी फुकट खाल्ली?"

शेजारच्या खाटेवरचे आजोबा हसायला लागले. मग मी हसले, आणि हसता हसता माझं भलतंच सुरू झालं. आजोबा बिचारे ओशाळले.

"तिचे गुडघे?" यांनी विचारलं.

"तसेच आहेत. वाईटच झाले असतील. फक्त दुखत कमी असेल."

"घोड्याचं दुखणं झाकून त्याला पळवणाऱ्या एकाला मी शाळेतून हाकललं होतं."

"माहीत आहे. तेव्हा दारात मीच उभी होते."

"आणि तू माझ्या तबेल्यात..."

"हो."

"माझ्यासाठी?"

वन्सं, हा माणूस मला प्रश्न विचारतो तेव्हा उत्तर त्याच्याकडे आधीच तयार असतं. या वेळी नव्हतं. मी हो म्हटलं.

आता घरी आलेत. रंग उतरतोय. आल्या आल्या स्वतः जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. "तुम्ही विचार करा म्हणाला होतात. केला."

काल सकाळी उरकलं. अंगणात ऊन आलं होतं. मी स्वयंपाकघरातच थांबणार होते, पण हे म्हणाले, "तू ये. गाजर आण. आज नुसतं." तिने ते माझ्या हातातून खाल्लं आणि माझा तळवा चाटला. यांनी तिचं डोकं धरलं. डॉक्टरांनी सुई टोचली. ती गुडघ्यांवर आली, मग कुशीवर. मी तिच्याकडे बघितलंच नाही, यांच्याकडे बघत होते. मागे खुर्ची आणून ठेवली होती. हे उभेच राहिले, खुर्चीकडे वळून पाहिलं नाही. तिच्या गळ्यातलं दावं सोडवलं, गुंडाळलं आणि डॉक्टरांना म्हणाले, "चहा घेऊन जा."

चहा अर्थात मीच केला.

तुमची,
वहिनी


२१ एप्रिल

ताई,

माझी तब्येत ठीक आहे. डोळे पांढरे झाले म्हणतात. उकडलेलं सगळं खातो. कोबीसुद्धा.

माफ कर असं सारखं लिहू नकोस. बरणी मी उघडली, तू नाही.

तबेला रिकामा आहे. सकाळी बादली उचलली जाते, मग ठेवतो. एकदा भरून नेली. नेलीच होती म्हणून गव्हाण धुऊन काढली.

तुला एक विचारायचं होतं. आज दुपारी तुझी वहिनी झोपली आहे. मी तिला दिवसा झोपलेली कधी पाहिली नव्हती. पांघरूण पायांवरून सरकलं होतं ते नीट करायला गेलो. तिच्या दोन्ही घोट्यांना सूज आहे. बोटाने दाबलं तर खळगा तसाच राहतो. घोड्याचा पाय असा दिसला असता तर मी त्याला दुसऱ्या दिवशी बाहेर काढलं नसतं. तिने तुला याबद्दल कधी लिहिलं होतं का? मला वाटतं नसेल. तुम्ही दोघी लिहायचात ते माझंच लिहायचात.

औषध सुचवू नकोस. उद्या तिला त्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन जातो. तू ये आणि थोडे दिवस राहा. काही आणू नकोस.

ती उठायच्या आत चहा करून ठेवावा असा विचार आहे. साखर कुठे ठेवते कोण जाणे. फळीवरचे सगळे डबे उघडून झाले, आता खालचे बघतो. झाकणांचा आवाज होऊ देत नाही.

धाकटा